बारावं पान

भिंगकाकांना स्वतःचं नाव नव्हतं असं नाही, पण ते विचारायची वेळ कुणावर येत नसे. गळ्यात काळ्या दोरीने अडकवलेलं भिंग, खिशात पातळ कागदाची वही आणि मऊ पेन्सिल, हातात फिरतीची तपकिरी बॅग, एवढ्या सामानावर हे गृहस्थ पस्तीस वर्षं लोकांच्या घरी जाऊन जुनी भांडी पारखत होते. चांदीची नव्हेत. चांदी पारखायला काय, कुणीही सोम्यागोम्या तराजू घेऊन बसतो, असं ते म्हणत. भिंगकाका पारखत ती मुलाम्याची भांडी, म्हणजे आत पितळ आणि वर चांदीचा पातळ पापुद्रा असलेली. अशी भांडी ज्यांच्या घरात असतात ते लोक पिढ्यानपिढ्या ती अस्सल चांदीची समजत आलेले असतात, आणि त्यांना खरं सांगणाऱ्या माणसाला त्या घरी दुसरा कप चहा मिळत नाही.

त्यांना त्याचं काही वाटत नसे, कारण त्यांचा जीव चांदीपेक्षा मुलाम्यावर होता. अस्सल चांदी झिजली तरी आत चांदीच निघते, त्यामुळे ती कुणाबद्दल काही सांगत नाही. मुलामा मात्र जिथे माणसाचा हात लागतो नेमका तिथेच जातो आणि पितळेचा पिवळेपणा वर येतो. उजव्या हाताने जेवणारा माणूस चमच्याने ताटलीचा तळ खरवडतो, म्हणून त्याच्या चमच्याचं टोक वर्षानुवर्षांनी डावीकडून झिजतं, आणि डावखुऱ्याचं उजवीकडून. बारा चमचे ओळीने मांडले की यातला घरातल्या कर्त्याचा कुठला, सगळ्यांच्या मागून घाईघाईत जेवणाऱ्या सुनेचा कुठला, चमचा चावायची खोड असलेल्या पोराचा कुठला, हे भिंगकाका न चुकता सांगू शकले असते. ते सांगत मात्र नसत. भांड्यांबद्दल बोलायचं, माणसांबद्दल बोलायचं नाही, हा त्यांचा नेम होता. त्यांच्या तक्त्यात शेवटचा रकाना ‘वापर’ असा होता. तो भरण्याआधी ते मालकाला एकच प्रश्न विचारत, याने कोण जेवायचं? उत्तर आणि झीज जुळली की सही करत.

असा हा नाकासमोर चालणारा माणूस त्या वर्षी घरात मात्र चांगलाच पेचात सापडला होता.

झालं होतं असं की बायकोने माळ्यावरची तिची निळी बॅग खाली काढली होती. काढली, झटकली, आणि उघडीच खाटेवर ठेवली. लेक दुसऱ्या गावी राहत होती आणि बरेच दिवस आईला बोलावत होती. ती येत्या रविवारी न्यायला येणार होती. बायकोचा आवाज चढला नाही, रडारड तर नाहीच. भाजी निवडताना बोलावं तशी ती बोलली.

“फिरती सोडणार असाल तर मी राहते. नाहीतर जाते. एकटीने राहायचं तर निदान लेकीजवळ राहीन.”

“मी असतो की घरी. महिन्यातले दहा-बारा दिवस तरी असतो.”

“असता तेव्हाही नसता हो तुम्ही,” ती म्हणाली.

भिंगकाकांना हे लागलं, कारण ते त्यांनी आजवर थट्टेवारी नेलं होतं. थट्टा तिचीच होती. ते फिरतीहून परत आले की ती दार उघडून म्हणे, “या, बसा. संकोच करू नका. आपलंच घर समजा.” मग ती हसे, ते हसत, आणि जेवायला बसत. एकतीस वर्षं हेच चाललं होतं. त्या दिवशी मात्र खाटेवर उघडी बॅग होती. ते परत येत तेव्हा या घरात ती असेच. तिच्याशिवाय हे घर त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं, आणि आता या वयात ते पाहायची त्यांच्यात ताकद नव्हती. त्यांनी तिथल्या तिथे कबूल केलं की एका ठिकाणी शब्द दिलाय, तीन दिवसांचं काम आहे, शनिवारी दुपारी जेवायला घरी. “ही शेवटची खेप,” ते म्हणाले, आणि मनापासून म्हणाले. ती “बरं” म्हणाली. बॅग मात्र तिने उचलली नाही.

काम होतं बारा पानांच्या संचाचं. एका माणसाला जेवायला लागणारी भांडी, म्हणजे ताटली, वाडगा, चमचा, काटा, सुरी आणि पेला, याला त्या धंद्यात एक पान म्हणतात. अशी बारा पानं एकाच कारखान्याची, एकाच नक्षीची, मूळ पेटीसकट मिळणं म्हणजे पारख्याला सणच. निरोप्याने सांगितलं होतं की बाई एकट्या आहेत, घर सोडून लहान जागेत चालल्या आहेत, आणि संच विकायच्या आधी त्यांना त्याची लेखी पारख हवी आहे.

घर घड्याळजीच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर होतं. जिना चढताना खालची टिकटिक ऐकू येई आणि दार लागलं की थांबे. जेवणाची खोली लांबट होती. मध्ये मोठं टेबल, भोवती वेताच्या बैठकीच्या बारा खुर्च्या, आणि एकच खिडकी, तिच्यातून समोरच्या इमारतीची कोरी भिंत दिसे. बाई साठीच्या आसपासच्या, अंगाने किरकोळ, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. बोलणं मोजकं. त्यांनी पेटी टेबलावर आणून ठेवली आणि सांगितलं की वडिलांनी आणलेला संच आहे, आपण वर्षातून एकदा पुसून ठेवतो, बाकी कधी बाहेर काढलेला नाही.

“कधीच नाही?”

“कुणासाठी काढणार?” बाई म्हणाल्या. “मी एकटीच तर असते.”

भिंगकाकांनी उजेडाजवळची खुर्ची ओढली आणि बसले. त्यांची कंबर गेली दहा वर्षं धड नव्हती, परक्या खुर्चीत अर्धा तास काढायचा म्हणजे त्यांना शिक्षा वाटे. या खुर्चीत मात्र त्यांना बरं वाटलं. वेत नेमका हवा तिथे खचला होता आणि डावा हात टेकायच्या जागी लाकूड गुळगुळीत झालं होतं. बरी खुर्ची मिळाली, एवढंच त्यांच्या मनात आलं. बाईंनी पाण्याचा ग्लास आणून त्यांच्या डाव्या हाताशी ठेवला. नवख्या घरी लोक तो उजवीकडे ठेवतात आणि डावखुरे भिंगकाका तो गुपचूप डावीकडे सरकवून घेतात. त्या दिवशी सरकवावा लागला नाही, हे संध्याकाळी लॉजवर हात धुताना त्यांच्या लक्षात आलं.

पहिला दिवस अकरा पानांत गेला आणि मोठ्या आनंदात गेला. प्रत्येक चमच्याच्या पाठीवरचा शिक्का त्यांनी भिंगातून पाहिला. चांदीच्या शिक्क्यासारखाच दिसावा म्हणून कारागिराने तीन चौकोन ठोकले होते, आणि आतल्या खुणा मात्र मुलाम्याच्या होत्या. ही जुनी चलाखी ओळखून ते मनाशी हसले. त्यांनी चमचा बोटावर तोलून टिचकी मारली. आवाज लगेच विझला, म्हणजे आत पितळ. चमच्यावर पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिल कडेकडेने फिरवली की त्याचा आकार कागदावर उतरतो, आणि टोक किती झिजलंय ते कळतं. अकराही चमचे अंडाकृती, पुरते भरलेले. पृष्ठभागावर कारखान्यातल्या शेवटच्या घासणीच्या बारीक समांतर रेषा अजून होत्या. या रेषा चार-सहा महिने वापरलं की जातात आणि पुन्हा काही केल्या येत नाहीत. बाई खरं बोलत होत्या. इतका कोरा संच त्यांनी पस्तीस वर्षांत पाहिला नव्हता. बारावं पान उद्यावर ठेवून ते उठले.

दुसऱ्या दिवशी ठरल्याप्रमाणे दहाच्या ठोक्याला ते दारात होते. खाली घड्याळजीची सगळी घड्याळं एकदम वाजत होती. बाईंनी दार उघडलं, त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “आज उशीर झाला.”

रागाने नाही, चौकशीनेही नाही. घरातलं माणूस बोलतं तसं. भिंगकाका काहीतरी पुटपुटत आत आले.

बारावं पान पेटीच्या सगळ्यात खालच्या खणात होतं. त्यांनी चमचा कापडातून बाहेर काढला आणि खिडकीकडे धरला. तो चमचा पुरता झिजला होता. टोक तिरकं झालं होतं, उजवीकडून. देठावर पितळ वर आलं होतं, पण नेहमीच्या जागी नाही. माणूस अंगठ्याचं पेर देठावर टेकतो, म्हणून तिथे वाटाण्याएवढा गोल डाग पडतो. इथे डाग लांबट होता आणि आडवा गेला होता. ज्याचा अंगठा वाकत नाही, कडेनेच टेकतो, अशा कुणाचा तरी तो हात होता.

भिंगकाका आठ वर्षांचे असताना त्यांच्या डाव्या हाताचा अंगठा दाराच्या फटीत सापडला होता. तो बरा झाला, पण पुन्हा कधी वाकला नाही.

चमचा नीट पाहावा म्हणून त्यांनी तो हातात धरला, तेव्हा अंगठा आपण होऊन त्या लांबट डागावर जाऊन बसला. जुन्या चपलेत पाय बसावा तसा बसला. त्यांनी हात झटकून चमचा खाली ठेवला. मग स्वतःची समजूत घातली. जगात डावखुरे काय थोडे आहेत? आणि दारं, अंगठे, लहान मुलं, हे तर घरोघरी. त्यांनी पेला उचलून उलटा केला. पेल्याच्या बुडाची कड सगळीकडून सारखी गेली होती. पेला नुसता उचलून ठेवला तर अशी जात नाही. पिण्याआधी टेबलावरच तो जरासा फिरवायची ज्याला सवय असेल, त्याच्याच पेल्याची जाते. ही सवय भिंगकाकांना होती. टेबलाची चाळण केलीत, असं बायको त्यावरून जेवताना दर दिवशी एकदा तरी म्हणे.

बाई आत होत्या. भिंगकाकांनी चोरासारखं टेबलावरच्या कापडाचं टोक वर केलं. अकरा खुर्च्यांपुढचं लाकूड नितळ होतं. ते बसले होते त्या खुर्चीपुढे, डाव्या हाताशी, गोल चरे होते. एकात एक, कितीतरी.

काही झालं तरी पारख्याचा डोळा काम करत राहतो. एवढी झीज व्हायला किती काळ लागतो ते त्यांना न मोजता कळत होतं. दोन वेळचं जेवण, रोज, तीस-एकतीस वर्षं. आणखी एक गोष्ट त्यांना दिसली, ती दिसली नसती तर बरं झालं असतं. उघडं पडलेलं पितळ आठवडाभर हात लागला नाही तरी काळवंडतं. देठावरचं ते पितळ लखलखीत होतं.

या ठिकाणी त्यांनी तो प्रश्न विचारायला हवा होता. शेकडो घरांत त्यांनी तो विचारला होता, विधवांना विचारला होता, भांडणाऱ्या भावाभावांना विचारला होता, एकदा तर तुरुंगातून सुटून आलेल्या माणसालाही विचारला होता. याने कोण जेवायचं? बाई चहा घेऊन आल्या, कप डावीकडे ठेवला आणि त्यांच्याकडे पाहत उभ्या राहिल्या, जणू त्या प्रश्नाचीच वाट पाहत होत्या. भिंगकाकांनी तो विचारला नाही. बाई उत्तर देतील याची त्यांना भीती वाटली. त्यांनी सांगितलं की बारा पानांतलं एक जरा झिजलंय, आपल्या ओळखीचा एक मुलामा देणारा आहे, त्याच्याकडून नवा थर चढवून आणतो, म्हणजे संच एकसारखा दिसेल. आयुष्यात त्यांनी कुणाला असा सल्ला दिला नव्हता. नव्या मुलाम्याने जुन्या भांड्याची मातीच होते असं ते सगळ्यांना बजावत आले होते.

“नको,” बाई म्हणाल्या. “झिजलंय ते राहू दे. इतक्या वर्षांचं आहे.”

कधीच बाहेर न काढलेल्या पेटीबद्दल त्या हे बोलत होत्या, आणि त्यांना त्यात काही विसंगत वाटत नव्हतं. भिंगकाकांनी त्या चमच्याचा आकार पातळ कागदावर उतरवून घेतला आणि वही खिशात टाकली.

रात्री लॉजवर त्यांनी शांतपणे विचार केला आणि त्यांना एक वाट सापडली. घरी त्यांचीही दोन पानं होती. लग्नाच्या वर्षी साठवलेल्या कमाईतून त्यांनी ती घेतली होती, एक तिला, एक स्वतःला. वापरायची वस्तू कपाटात मरते, या हट्टापायी गेली एकतीस वर्षं दोघं त्यातच जेवत होते. परक्यांच्या चमच्यांना भिंग लावणाऱ्या या माणसाने स्वतःच्या चमच्याकडे कधी पाहिलं नव्हतं. आता पाहायचं. घरच्या चमच्यावर हीच झीज, हाच लांबट डाग असणार. एकदा का तो दिसला की सगळं सुरळीत. आपला हात आपल्या घरी, इथला हात दुसऱ्या कुणाचा, सारखी खोड असलेल्या कुणा बापड्याचा. एवढं ठरल्यावर त्यांना झोप लागली.

तिसऱ्या दिवशी त्यांनी तक्ता पुरा केला. अकरा पानांपुढे ‘वापर नाही’ असं लिहिलं. बाराव्यापुढचा रकाना कोरा सोडला आणि त्याखाली सही केली. पस्तीस वर्षांत पहिल्यांदाच. बाईंनी कागद वाचला, घडी घातली आणि म्हणाल्या की अकरा पानं विकायला काढा, बारावं आपण नव्या जागेत नेणार आहोत.

“बारा एकत्र असली तर गोष्ट वेगळी आहे, बाई. एक काढलं की संच मोडला.”

“मला लागेल ते.”

बाईंनी चमचा, काटा, सुरी कापडात गुंडाळायला घेतली. फार सावकाश, सवयीच्या हाताने. भिंगकाका बॅग उचलून दाराशी आले तेव्हा त्या मागोमाग आल्या.

“म्हणजे आता येणं होणार नाही.”

“काम संपलं ना.”

“हो,” बाई म्हणाल्या. “ही शेवटची खेप, असं म्हणाला होतात.”

भिंगकाका जिना उतरले. घड्याळजीच्या दुकानाशी पोचेपर्यंत त्यांनी तीन दिवसांतलं आपलं बोलणं शब्द न् शब्द आठवून पाहिलं. ते वाक्य त्यांनी एकदाच उच्चारलं होतं, आपल्या घरात, उघड्या बॅगेपाशी. ते बसमध्ये बसले, आणि दोन तास मांडीवर ठेवलेली वही हाताने दाबून धरून बसले.

शनिवारी दुपारी, कबूल केल्याप्रमाणे जेवायच्या वेळेआधीच ते घरी पोचले. दार लोटलेलं होतं. आत शिरताच त्यांनी आधी खाटेकडे पाहिलं. खाट मोकळी होती. निळी बॅग माळ्यावर, तिच्या नेहमीच्या जागी, कापड घालून ठेवली होती. त्यांचा जीव भांड्यात पडला. बायको जात नव्हती. एवढा मोठा माणूस, पण त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

स्वयंपाकघरातून तिचा आवाज येत होता. ती फोनवर लेकीशी बोलत होती. नको येऊस उद्या, नाही निघत मी, ती सांगत होती. इथेच बरी आहे. घर सोडून कुठे जाऊ? मग जरा थांबून, पलीकडून काहीतरी विचारलं गेल्यावर, ती हलकेच म्हणाली की अगं, एकटीची सवय आहे मला, इतकी वर्षं काढलीच ना. हा टोमणा आपल्याला ऐकवण्यासाठीच आहे असं भिंगकाकांना वाटलं आणि त्यांना त्याचं हसूही आलं. ऐकून घेऊ. आता उरलेलं सगळं आयुष्य ऐकूनच घ्यायचं होतं.

ती फोनवर आहे तोवर त्यांनी जेवणाच्या टेबलाचा खण उघडला. दोन चमचे शेजारी शेजारी होते. खिडकीत भरपूर ऊन होतं. त्यांनी आधी तिचा चमचा घेतला. टोक डावीकडून गेलेलं, देठावर वाटाण्याएवढा पितळी डाग, पाठीवर टेबलाला टेकून टेकून पडलेला चट्टा. एकतीस वर्षांचा, उजव्या हाताचा, न चुकता दोन वेळच्या जेवणाचा चमचा. त्यांनी तो डाग अंगठ्याने पुसला, मायेने पुसला, आणि मग आपला चमचा उचलला.

तो कोरा होता.

त्यांनी भिंग डोळ्याला लावलं. मग भिंगाची काच पुसून पुन्हा लावलं. टोक पुरतं भरलेलं, अंडाकृती. पातळ कागदावरच्या आकारावर चमचा ठेवला तर उजवीकडे नखभर चांदी त्या आकाराबाहेर राहिली. देठावर कुठेही डाग नाही. आणि टोकापासून देठापर्यंत, उन्हात धरल्यावर, कारखान्यातल्या शेवटच्या घासणीच्या बारीक समांतर रेषा. त्यांनी आपला काटा पाहिला, सुरी पाहिली, पेला उलटा करून पाहिला. शिक्के तेच, त्यांनी स्वतः निवडून आणलेले. बदलाबदल झाली असेल म्हणावं, तर घरात तिसरं पान नव्हतं. शेवटी त्यांनी आपल्या खुर्चीपुढचं टेबलावरचं कापड वर केलं. ज्या चऱ्यांवरून ती इतकी वर्षं बोलत आली होती, त्या जागी लाकूड नितळ होतं. हात फिरवला तर गार लागलं.

मुलामा माणसाचं ऐकत नाही, असं ते लोकांना सांगत असत. आजही तो त्यांचं ऐकत नव्हता.

“आलात का,” म्हणत बायको बाहेर आली. तिने चुरगळलेलं कापड सारखं केलं, दोन पानं मांडली, गरम सूप वाढलं. भिंगकाकांना पुष्कळ बोलायचं होतं. मी आलोय, आता कुठे जाणार नाही, हे तर पहिलं. पण आधी जेवू, असं त्यांच्या मनाने घेतलं. आजपासून रोज या चमच्याने जेवायचं, इथे, हिच्यासमोर. झिजेल तोही. अजून वर्षं आहेत. या विचाराने त्यांना धीर आला. त्यांनी डावा हात पुढे करून आपला चमचा घेतला, भरला आणि उचलला.

अंगठ्याला बसायला जागा सापडेना. कोऱ्या देठावरून तो घसरला, चमचा वाडग्याच्या काठावर आपटला आणि सूप पांढऱ्या कापडावर सांडलं.

आता ती ओरडेल, म्हणून भिंगकाका वाट पाहू लागले. धांदरट कुठले, असं म्हणेल. ती उठली. तिने धुतलेला रुमाल आणून त्यांच्यापुढे ठेवला, वाडगा पुन्हा भरला, आणि पाण्याचा पेला उचलून त्यांच्या उजव्या हाताशी नीट ठेवला.

“असू द्या, असू द्या,” ती गोड आवाजात म्हणाली. “संकोच करू नका. आपलंच घर समजा.”

भिंगकाका हसायला लागले आणि ती हसेल म्हणून थांबले. तीही थांबली होती, हात मांडीवर ठेवून, पाहुण्याने आधी सुरुवात करावी म्हणून.